मुस्तफाला पहिल्यांदा कोणी काढले?

वारासिवनीच्या बसस्टँडमागे, एका पानठेल्याला लागून, पत्र्याची एक खोली होती. दाराला मळकट पडदा, आत अंधार आणि त्या अंधारात लुकलुकणारी दोन यंत्रे. एक रुपयाला एक टोकन. ही गोष्ट १९९५-९६ ची. शाळा सुटली की आमची निम्मी आठवी त्या पडद्याआड सापडायची आणि शिक्षक या नात्याने पडदा सारून, कान धरून पोरांना बाहेर काढणे हे मी माझे कर्तव्य समजत होतो. शाळा हिंदी, घर मराठी, शेजार पोवारी अशा आमच्या गावात तीनही भाषांतून मला शिव्या पडत असणार.

त्याच सुमारास एका मुलाच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर मला एक चित्र सापडले. पिवळी टोपी घातलेला कृष्णवर्णी तरुण हवेत झेप घेऊन लाथ मारतो आहे. रेघ चांगली होती; कमरेची पीळ आणि खांद्याचा जोर बरोबर उतरला होता. मी विचारले, "हा कोण?" तो म्हणाला, "मुस्तफा." आणि मग, आपल्याला शिक्षा होणार हे विसरून, त्यानेच मला विचारले, "सर, याले पयले कोनं काढलं असन?"

मी म्हणालो, "मशीन काढते ते. मशीनची काय नक्कल करतोस? स्वतःचं काही काढ." आणि पान फाडून खिडकीबाहेर टाकले.

मुलगा वर्गात हुशार नव्हता. पण त्या दिवशी वर्गात विचारला गेलेला खरा वाङ्मयीन प्रश्न त्याचा होता आणि चुकीचे उत्तर माझे होते. बरोबर उत्तर मिळायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली. तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे, बाजारात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मागच्या वर्षी फोन दुरुस्तीला दिला तेव्हा त्याने काउंटरच्या काचेवरून आपला फोन माझ्याकडे सरकवला. "सर, पाहा. मशीननं नाही काढला. माणसानं काढला." पडद्यावर काळ्या शाईतले एक पान होते.

त्या माणसाचे नाव मार्क शुल्त्झ. अमेरिकन चित्रकार. त्याची 'झेनोझोइक टेल्स' ही चित्रमालिका १९८७ पासून 'किचन सिंक प्रेस' या छोट्या प्रकाशनसंस्थेने काढली. १९९६ पर्यंत तिचे अवघे चौदा अंक निघाले. दहा वर्षांत चौदा अंक! आपल्याकडे या वेगाने लिहिणाऱ्याला संपादक पत्र पाठवणे बंद करतात. पण पाने पाहिली की वेळ कुठे गेला ते कळते. कुंचल्याने घातलेली दाट काळी सावली, पानापानावरचे जंगल, प्राण्याच्या कातडीची प्रत्येक वळी. पुढे या मालिकेच्या कथा एकत्र करून २०१३ साली एक ग्रंथ निघाला. तो मी मुलाकरवी पुण्याहून मागवला आणि वाचला. माझ्या इंग्रजीला जरा कष्ट पडले, पण वाचला.

कथा अशी : माणसाने पृथ्वी नासवली, संकटे कोसळली, आणि माणसे जमिनीखाली नगरे बांधून राहिली. सुमारे सहाशे वर्षांनी ती वर आली तेव्हा पृथ्वी त्यांची उरलेली नव्हती. तिच्यावर पुन्हा डायनासॉर फिरत होते. जॅक टेनरेक हा यंत्रज्ञ जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करतो आणि त्या प्राण्यांच्या विष्ठेपासून केलेल्या इंधनावर चालवतो. शेणाच्या गोवऱ्या थापणाऱ्या मुलखातल्या वाचकाला यात हसण्यासारखे काही वाटू नये. सृष्टी हेच एक यंत्र आहे, त्याचा एक दाता मोडला तर सगळे यंत्र खडखडते, ही टेनरेकची श्रद्धा; म्हणून तो शिकाऱ्यांच्या आड उभा राहतो. हॅना डंडी ही परक्या नगराची राजदूत. मुस्तफा कैरो हा टेनरेकचा मित्र. ज्याच्या नावाने अर्ध्या हिंदुस्थानातील पार्लरे गजबजली, तो मूळ कथेत दुय्यम पात्र आहे.

हे वाचल्यावर खेळाकडे वळणे भाग होते. दुकान बंद झाल्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्याने संगणकावर तो लावला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्याच्या आतल्या बाजूला बसलो. 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', १९९३, कंपनी कॅपकॉम, गाव ओसाका. आपल्याकडे हे लांबलचक नाव कोणी घेतले नाही. खेळाचे नावच मुस्तफा झाले. का, तर मुस्तफा चपळ, त्याची धावत येऊन मारलेली लाथ जबर, आणि चौघांतून निवड करताना 'मुस्तफा' हेच नाव आपल्या पोरांच्या तोंडात सहज बसणारे. लेखकाने ज्याला मागे उभे केले त्याला वाचकांनी, म्हणजे खेळाडूंनी, पुढे आणले. साहित्यात असे क्वचित घडते, पण घडते.

खेळात कथेचे काय उरले? पुष्कळसे गेले. हॅनाची राजनीती गेली. गाडीचे इंधन गेले; गाडी उरली ती एका टप्प्यात गुंडांना चिरडत जाण्यापुरती. सृष्टीच्या यंत्राविषयी चकार शब्द नाही. डावीकडून उजवीकडे चालत जायचे आणि समोर येईल त्याला बुकलायचे. माझ्या मनात निकालपत्र तयार होऊ लागले होते. तेवढ्यात पडद्यावर एक डायनासॉर आला आणि मी बटण दाबणार, तोच माझा विद्यार्थी ओरडला, "सर, त्याले मारू नका! डिवचलं तरच तो अंगावर येते."

मी थांबलो. खरेच, तो प्राणी आपल्या जागी होता. नंतर कुणीतरी त्याला डिवचले, त्याचा रंग बदलला आणि तो समोर दिसेल त्याच्यावर, गुंडांवरसुद्धा, तुटून पडला. शत्रू कोण, तर तस्कर आणि शिकारी. प्राणी शत्रू नव्हेत, ते चवताळलेले आहेत, तेही माणसामुळे. शुल्त्झच्या शेकडो पानांतले तत्त्व एका रंगबदलात उतरले होते. ओसाकात कुणीतरी ती पाने केवळ चाळली नव्हती, वाचली होती. आणि कान्हाचे जंगल ज्या जिल्ह्यात पसरले आहे त्या बालाघाट जिल्ह्यातली आठवीतली पोरे तो नियम न वाचताच शिकली होती. मी वर्गात वन्यप्राणी संरक्षणाचा धडा घेत होतो तेव्हा ती पोरे तिकडे त्याचा सराव करत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फारशी नाही.

येथून पुढे माझे कुतूहल प्रकाशकांकडे वळले. चित्रकथेतला नायक खेळात जातो तेव्हा त्याच्याबरोबर कोण जाते? चित्रकार सहसा जात नाही. करारावर सही प्रकाशकाची किंवा हक्कदाराची असते. मग प्रकाशक नायकासोबत नेमके काय पाठवतो : नाव, चेहरा की स्वभाव?

'झेनोझोइक टेल्स'चे नाव बदलले ती कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मार्व्हलच्या एपिक या शाखेने १९९०-९१ मध्ये त्या कथा रंगवून पुन्हा छापल्या त्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' या नावाने. पुढे १९९३ मध्ये सी.बी.एस.वर तेरा भागांची कार्टून मालिका आली तीही याच नावाने, आणि खेळही. पहिले नाव युगाचे होते, दुसरे दुकानातल्या दोन वस्तूंचे. शिवाय कॅडिलॅक हा शब्द जनरल मोटर्सच्या मालकीचा. म्हणजे एका नायकाच्या दारात किती कुलपे लागली पाहा : चित्रकार, त्याचा प्रकाशक, मोटार कंपनी, खेळाची कंपनी. त्यात किचन सिंक प्रेस १९९९ साली बंदच पडली.

मोठ्या प्रकाशकांचे मार्ग निराळे. १९७९ मध्ये अटारीने सुपरमॅनचा खेळ काढला तेव्हा सुपरमॅनची प्रकाशनसंस्था डी.सी. आणि खेळाची कंपनी अटारी या दोन्ही वॉर्नर या एकाच घराच्या सुना होत्या. सुनांनी एकत्र स्वयंपाक करावा असा आग्रह घरात असणारच. त्यातून १९८२ मध्ये 'स्वोर्डक्वेस्ट' नावाचा एक विलक्षण प्रकार निघाला. खेळाच्या डब्यात डी.सी.चे कॉमिक घातलेले, आणि खेळाच्या कोड्याची किल्ली त्या कॉमिकच्या पानांत लपवलेली. वाचल्याशिवाय खेळ सुटायचा नाही! चार भाग ठरले होते, तेव्हा तीनच निघाले, चौथा त्या काळी आलाच नाही. खेळ म्हणून तो कंटाळवाणा होता असेच त्याच्याविषयी लिहिले गेले आहे. तरी मला त्या कल्पनेचे अप्रूप वाटते, कारण पान आणि पडदा यांना एकमेकांची गरज लावून देण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो प्रकाशकाला सोबत घेऊनच शक्य होता.

याच्या अगदी उलट टोकाला १९९९ चा निन्टेन्डोवरचा सुपरमॅन उभा आहे. तितूस या फ्रेंच कंपनीने केलेला हा खेळ आजवरच्या सर्वांत वाईट खेळांच्या प्रत्येक यादीत असतो. धुक्याने भरलेले नगर आणि त्यात हवेत टांगलेल्या कड्यांतून उडत राहणारा नायक. कंपनीच्या संस्थापकाने पुढे मुलाखतीत सांगितले की हक्कदारांच्या अटी फार होत्या. सुपरमॅनने खऱ्या माणसांवर हात उगारायचा नाही. म्हणून सारी कथा खलनायकाने रचलेल्या आभासी नगरात नेली. हे एका बाजूचे म्हणणे आहे, वाईट खेळ करणाऱ्याला सबब हवीच असते, हे मी जमेस धरतो. तरीसुद्धा त्यात एक खूण पटते. सुपरमॅन निरपराध्याला मारत नाही हा त्याचा स्वभाव खराच. पण स्वभाव राखायचा म्हणून त्याच्यापुढची माणसेच काढून टाकली, तर तो स्वभाव दाखवायला जागा कुठे उरली? मारण्याची ताकद आहे आणि तो मारत नाही, यात सुपरमॅन आहे. हक्कदाराने दारावर पहारा चोख दिला, आणि आत घर रिकामे.

या ठिकाणी मला पत्र्याच्या खोलीच्या दारात उभा असलेला मी दिसतो, हे कबूल केले पाहिजे.

हाच प्रश्न दहा वर्षांनी दुसऱ्या एका नायकापुढे आला आणि सुटला. २००९ चा 'बॅटमॅन : अर्कहॅम असायलम' हा खेळ लंडनच्या रॉकस्टेडी या मंडळींनी केला, कथा लिहिली पॉल डिनीने. डिनी म्हणजे बॅटमॅनच्या गाजलेल्या कार्टून मालिकेचा आणि कित्येक कॉमिक्सचा लेखक. पात्राच्या नसानसा ओळखणारा. बॅटमॅन जीव घेत नाही. या खेळात तुम्ही कितीही बुकला, शत्रू बेशुद्ध पडतो, मरत नाही. आणि अंधारात वर लटकून, एकेकाला घाबरवून गाठण्यातच खेळाची मौज ठेवली आहे. शपथ हीच खेळाची रीत झाली. मनाई आणि मौज एकाच ठिकाणी आणून बसवणे हे पात्र आतून जाणणाऱ्यालाच सुचते. केवळ करार तपासणाऱ्याला ते सुचणार नाही.

तिसरी तऱ्हा सांगतो आणि परदेश सोडतो. १९९४ मध्ये अक्लेम या खेळाच्या कंपनीने व्हॅलियंट ही कॉमिक्सची प्रकाशनसंस्थाच साडेसहा कोटी डॉलरला विकत घेतली. प्रकाशकाचा सहभाग वगैरे प्रश्नच मिटला. 'टुरोक' हा खेळ १९९७ मध्ये जोरात चाललाही. पण दरम्यान कॉमिक्सच्या मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यात आल्या, त्या खेळात रूपांतर करायला सोप्या जाव्यात म्हणून. पुढच्या नाटकाला सोयीची व्हावी म्हणून कादंबरी लिहायची, असा हा व्यवहार. अक्लेमने २००४ मध्ये दिवाळे काढले.

आता आपल्याकडे. आमच्या लहानपणी गोंदिया स्टेशनवरच्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्स मिळत. वेताळ आम्ही मराठीतून वाचला. पण वेताळ हा उसना नायक. आपल्या प्रकाशकाकडे तो छापण्यापुरता आलेला, आणि १९९० मध्ये इंद्रजालच बंद झाले. मराठीतला आपला म्हणावा असा चित्रनायक चिंटू, १९९१ पासून 'सकाळ'मधला. तो चार चौकटींत सुखी होता आणि २०१२ मध्ये चित्रपटात गेला. आमच्या सीमेवरच्या मुलांचे खरे वाचन मात्र हिंदीतले : नागराज, सुपर कमांडो ध्रुव, आणि दिल्लीचे 'लोटपोट'. बाजारात पन्नास पैसे किरायाने मिळायचे.

'लोटपोट'मधली मोटू-पतलू ही कृपाशंकर भारद्वाज यांची जोडी. ती २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली, आणि तेथून मोबाइलच्या खेळांत. मुंबईच्या नझारा कंपनीने छोटा भीम आणि मोटू-पतलू यांचे परवाने घेऊन खेळ केले. परवाना दूरचित्रवाणीच्या चेहऱ्यांचा. कागदावरचे मोटू-पतलू दोन पिढ्या मागे राहिले. माझ्या त्या विद्यार्थ्याची मुलगी दुकानात बसून असाच एक खेळ खेळत होती. मोटू धावतो, उड्या मारतो, नाणी गोळा करतो. मी विचारले, "बेटा, पतलू कुठे आहे?" ती म्हणाली, "आजोबा, याच्यात एकच धावते."

एकच धावते! मोटूने खड्डा खणायचा, पतलूने नको म्हणायचे, आणि शेवटी दोघांनीही त्यात पडायचे, हा त्या चित्रकथेचा सगळा प्राण. तो दोघांशिवाय होत नाही. दोन माणसांनी मिळून खेळायचा, एकाच्या मूर्खपणाची किंमत दुसऱ्याने मोजायचा खेळ यातून किती मजेदार झाला असता! जुन्या अंकांची चळत पुढे ठेवून कुणी खेळ करणाऱ्याशी तासभर बोलले असते तरी हे सुचले असते. त्याऐवजी नायकाचा चेहरा गेला आणि धावणाऱ्या कुठल्याही बाहुल्यावर बसला. त्याच फोनवर परवान्याचे खेळ आणि चोरून केलेले खेळ शेजारी शेजारी बसलेले असतात. मुलीला दोन्ही सारखेच. तिची चूक नाही. चेहरा एवढाच ऐवज असेल तर चोराला कष्ट ते काय?

आमच्या वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा गावात आनंद झाला, मलाही झाला. आता दुसऱ्या कुणाला हे नाव लावता येणार नाही. पण विणकराला विचारा, तो काठाचे धागे बोटांनी दाखवतो. नाव राखणारा कागद लागतोच. वीण कोणाच्या हातात आहे, हे त्या कागदाला विचारता येत नाही.

राहता राहिली एक गोष्ट, आणि तिच्याकडे पाहताना मला प्रकाशकांविषयी थोडे मवाळ व्हावे लागते. पत्र्याच्या खोलीतले दुसरे यंत्र 'पनिशर'चे होते. तेही १९९३ चे, तेही कॅपकॉमचे, पण पात्र मार्व्हलचे. २०२४ मध्ये कॅपकॉमने मार्व्हलच्या जुन्या खेळांचा संच नव्याने विक्रीला काढला, त्यात पनिशर आला. मार्व्हलचे घर अजून उभे आहे, खेळांचा कारभार पाहायला तिथे माणसे आहेत, होकार द्यायला कोणीतरी दार उघडते. याच कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या मारामारीच्या जुन्या खेळांचा संच काढला होता; त्यात मुस्तफा नव्हता. ज्याच्या प्रकाशकाचे घर मोडले, ज्याच्या नावातला अर्धा शब्द मोटार कंपनीचा, त्याच्यासाठी दारे ठोठावायची तरी किती! पहारेकरी प्रकाशकावर मी वर टीका केली. पण अजिबात नसलेला प्रकाशक त्याहून महाग पडतो. हिंदुस्थानातल्या लाखो पोरांचा लाडका खेळ चोरट्या प्रतींवर तगून राहिला, आणि मूळ चित्रकाराचे नाव त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या कानावर गेले.

ग्रंथ वाचून झाल्यावर मी तो घेऊन दुकानात गेलो. त्याने हात पुसले, खुर्ची सरकवली, आणि एकेक पान असे उलटले की मला माझ्या वर्गातली त्याची वही आठवली. मुस्तफा आला तिथे थांबला. बराच वेळ पाहत राहिला.

"सर, इथं तर हा मांगंच उभा आहे."

मी म्हणालो, "हो. पुढे तुम्ही आणला."

मग मी ते फाडलेल्या पानाचे बोललो. तो म्हणाला, त्याला आठवत नाही. आठवत असावे, आमच्याकडे विद्यार्थी शिक्षकाला असे सोडून देतात. काउंटरखालून त्याने बिलाचे पुस्तक काढले, मागची कोरी बाजू वर केली आणि बॉलपेनने मुस्तफाची झेप काढायला घेतली. खांदा अजून बरोबर येतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आले, चार्जर मागायला. ग्रंथ अजून त्याच्याकडेच आहे.